महाविद्यालयाच्या दारापर्यंत : सीमाभागातील केंद्र-सेवकांचे प्रशिक्षण

(शिक्षक, ग्रामपंचायत सेवक आणि ग्रामस्थ यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा पाठ)



निपाणी हे नाव उच्चारले की तंबाखूची आणि विडीची आठवण होते. बेळगाव म्हटले की लष्करी छावणी, कुंदा आणि सीमाप्रश्न आठवतो. या दोन शहरांना जोडणाऱ्या सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरच्या रस्त्याच्या आजूबाजूला जी गावे आहेत, त्यांच्याविषयी एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. विडी वळणाऱ्या बाईची, वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बाईची किंवा खानापूरच्या जंगलपट्टीतील शेतमजुराची मुलगी दहावी उत्तीर्ण झाल्यावर महाविद्यालयात पोहोचते काय? पोहोचत नसेल तर ती वाटेत नेमकी कोठे थांबते?

या भागात महाविद्यालयांची वानवा आहे, असे म्हणता येणार नाही. बेळगावात लिंगराज महाविद्यालय १९३३ पासून उभे आहे. राणी पार्वतीदेवी महाविद्यालयाने मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतील कित्येक पिढ्या शिकविल्या. खुद्द निपाणीत बागेवाडी महाविद्यालय आहे, आणि निपाणीला खेटून, पण कागल तालुक्याच्या हद्दीत म्हणजे महाराष्ट्रात, अर्जुननगर येथे देवचंद महाविद्यालय आहे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये. म्हणजे पूर्वी ज्या मुलाला पदवीसाठी पुण्याची किंवा धारवाडची वाट धरावी लागे, त्याच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर आज महाविद्यालय आहे. अंतर कमी झाले, तरी घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाच्या मार्गातील अडसर गेलेला नाही. तो आता रस्त्यावर राहिला नसून कागदांत, भाषेत आणि निकालानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत येऊन बसला आहे.

या पाच-सहा आठवड्यांकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. निकाल लागतो, पेढे वाटले जातात. त्यानंतर शाळेचा त्या मुलाशी संबंध संपतो आणि महाविद्यालयाचा अद्याप सुरू झालेला नसतो. शाळेचे शिक्षक नव्या वर्षाच्या तयारीत गुंततात. महाविद्यालयाच्या कार्यालयाला जो खिडकीपाशी आला नाही त्याचे नावही ठाऊक नसते. अशा वेळी मुलीच्या हाताला सूप आणि तेंदूपत्ता येतो. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ असे घरात कोणीतरी म्हणते, आणि पुढचे वर्ष सहसा येत नाही. येथे कोणी दुष्ट नसतो. आईच्या रोजच्या हजार विड्यांत आणखी दोन हात लागले तर घराला आधार होतो, हा हिशेब खोटा नसतो. प्रश्न एवढाच की, त्या घरासमोर दुसरा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

हा दुसरा हिशेब मांडणारा माणूस पूर्वी या भागात होता. त्याला वसतिगृहाचा अधीक्षक म्हणत. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. एप्रिल १९२५ मध्ये खुद्द निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्याच वर्षाच्या आरंभी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले होते. पुढे धारवाडला बाबासाहेबांच्या प्रेरणेने १९२९ च्या सुमारास जे वसतिगृह निघाले, त्याची जबाबदारी बळवंतराव वराळे यांनी सांभाळली. त्यांच्या घराण्याचे निपाणीशी नाते आहे. या साऱ्या वसतिगृहांचा इतिहास सांगताना इमारती, देणग्या आणि उद्‌घाटने यांचा पाढा वाचला जातो. परंतु गावातून मूल आणणारा, त्याच्या बापाला समजावणारा, फी माफीचा अर्ज लिहून देणारा आणि पहिल्या सहामाहीत मूल घाबरून गावी पळाले तर त्याला परत आणणारा जो माणूस तेथे असे, त्याचे काम फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. वसतिगृहाचे छप्पर उपयोगी पडले ते अशा माणसामुळे.

आज सर्वच मुले वसतिगृहात राहत नाहीत. बहुतेक मुले घरी राहून शिकतात. त्यामुळे अधीक्षकाचे ते काम गावातच कोणाकडे तरी आले पाहिजे. ते कोणाकडे यावे?

सीमाभागातील खेड्यांत सार्वजनिक जागांची उणीव नाही. तालीम आहे, तरुण मंडळाची खोली आहे, महिला मंडळ आहे, समाजमंदिर आहे, आणि ग्रामपंचायतीचे ग्रंथालय आहे. यांपैकी शेवटच्याचा येथे विशेष विचार करणे योग्य होईल. कर्नाटक शासनाने २०१९ मध्ये ग्रामपंचायतींची ग्रंथालये सार्वजनिक ग्रंथालय खात्याकडून ग्रामीण विकास व पंचायत राज खात्याकडे सोपविली. २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ म्हणजे ‘वाचनाचा प्रकाश’ या नावाची मोहीम काढून शाळकरी मुलांना या ग्रंथालयांचे विनामूल्य सभासदत्व देण्यात आले. पुढे या ग्रंथालयांना ‘अरिवु केंद्र’ असे नाव मिळाले. अरिवु म्हणजे जाण, समज. अनेक ठिकाणी संगणक आले, इंटरनेटची जोडणी आली. मराठी भाषकांच्या गावांत या नावाबद्दल कोणाला काही वाटत असेल तर वाटो. केंद्राचे दार मात्र सर्वांना उघडे आहे, आणि तेथे रोज ठरावीक वेळी बसणारा एक माणूस आहे. गावात रोज ठरावीक वेळी एका जागी भेटणारा माणूस ही फार मोठी सोय आहे, हे ज्याने तलाठ्याची वाट पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

मात्र केंद्रात माणूस बसला म्हणजे मूल महाविद्यालयात पोहोचले असे होत नाही. केंद्राच्या सेवकाला पुस्तके देणे-घेणे, नोंदवही ठेवणे, वृत्तपत्रे लावणे हे काम येते. प्रवेश, शिष्यवृत्ती, आरक्षण, दाखले हे त्याला कोणी शिकविलेले नसते. येथे प्रशिक्षणाचा विषय सुरू होतो.

मोहल्ल्यातील केंद्र आणि त्यातील सेवकांचे पद्धतशीर प्रशिक्षण ही कल्पना परकी मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनने १९२० च्या दशकात नेबरहूड हाऊस नावाचे केंद्र काढले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे चालक होते. वाचनालय, खेळ, वर्ग, दवाखाना असे तेथे चाले. हे काम केवळ सद्भावनेवर निभत नाही, त्याला शिकलेली माणसे लागतात, असा त्यांचा अनुभव होता. आणि त्यातूनच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय त्या नागपाड्यातच सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. सीमाभागाच्या अधिक जवळचे उदाहरण हवे असेल तर गारगोटीच्या मौनी विद्यापीठाकडे पाहावे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी तेथे शाळा, अध्यापन विद्यालय आणि ग्रामसेवेचे शिक्षण यांची सांगड घातली. खेड्यात काम करणाऱ्याला खेड्यातच शिकवावे, हा त्यामागचा विचार होता.

अमेरिकेत गरीब घरांतील मुलांना महाविद्यालयात पोहोचविण्यासाठी १९६४-६५ पासून ‘अपवर्ड बाउंड’ आणि ‘टॅलेंट सर्च’ यांसारखे सरकारी कार्यक्रम निघाले. आज तेथे वस्तीतील केंद्रांच्या सेवकांसाठी प्रवेश-मार्गदर्शनाचे स्वतंत्र अभ्यासवर्गही चालतात. त्या देशाची परिस्थिती निराळी आहे, फीचे आकडे निराळे आहेत. तथापि तेथील एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. ओहायो आणि उत्तर कॅरोलिना या राज्यांत २००८ च्या सुमारास तो झाला आणि २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणाऱ्या कचेऱ्यांत येणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचे गट पाडण्यात आले. काहींना शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीची केवळ माहिती देण्यात आली. काहींना माहितीबरोबर तेथल्या तेथे अर्जही भरून देण्यात आला. त्यासाठी थोडेच मिनिटे लागली. पुढील तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलांचे प्रमाण, अर्ज भरून दिलेल्या गटात २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. ज्यांना केवळ माहिती दिली होती, त्यांच्यात काहीच फरक पडला नाही.

आपल्याकडील मार्गदर्शन मेळाव्यांच्या दृष्टीने ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. मंडप घालून, पाहुणे बोलावून, योजनांची यादी वाचून दाखविण्याचा उपक्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. मेळाव्याची बातमी येते, छायाचित्र येते. यादी ऐकून घरी गेलेल्या आईच्या पेटीत जातीचा दाखला आहे की नाही, हे मात्र कोणी पाहत नाही. म्हणून केंद्र-सेवकाच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा भाषण करण्याचा नसावा. तो पेटी उघडून कागद पाहण्याचा असावा.

आता हे कागद कोणते, ते तपशिलाने सांगितले पाहिजे. कारण सीमाभागाची खरी अडचण येथेच आहे.

कर्नाटकात जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून मिळतो. त्यावर एक आर. डी. क्रमांक असतो. राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरताना हाच क्रमांक विचारला जातो. तो नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. दाखल्यासाठी अर्ज केल्यावर तो हाती येईपर्यंत दिवस जातात. निकालानंतर धावाधाव करणाऱ्याचे नेमके तेच दिवस वाया जातात. म्हणून हे दाखले मूल नववीत असतानाच काढून ठेवावेत. त्याच वेळी आणखी एक गोष्ट पाहावी. सीमाभागात एकाच मुलाचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. शाळेच्या दप्तरात आडनाव आधी आणि पुढे आद्याक्षरे, आधारपत्रावर नाव-वडिलांचे नाव-आडनाव, बँकेच्या पुस्तकात आणखी निराळे. कन्नडमधून इंग्रजीत आणि मराठीतून इंग्रजीत लिहिताना होणारा अक्षरांचा फरक तर वेगळाच. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. नाव जुळले नाही, खाते जोडलेले नसले, तर मंजूर झालेली रक्कमही मुलापर्यंत पोहोचत नाही. दहावीच्या परीक्षेचा अर्ज शाळेतून जाण्यापूर्वी नावाची दुरुस्ती सोपी असते. गुणपत्रक छापून आल्यावर तीच दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते. केंद्र-सेवकाने एवढे एकच काम वेळेवर केले, तरी त्याचे वर्षाचे मानधन वसूल झाले असे समजावे.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिक्षण सहाय्याची योजना आहे. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. विडीवरील उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर बंद झाला. योजना मात्र पुढे चालू राहिली आणि तिचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरले जातात. यासाठी आई किंवा वडील विडी कामगार असल्याची आणि किमान सहा महिने काम केल्याची नोंद लागते. घरी बसून ठेकेदारासाठी विड्या वळणाऱ्या बाईचे ओळखपत्र असते काय? कधी ते असते, कधी सासूच्या नावावर असते, कधी नूतनीकरण झालेले नसते. निपाणीच्या विडी आणि तंबाखू कामगार स्त्रियांनी संघटित होऊन आपले हक्क मिळविल्याचा इतिहास आहे. त्या संघटनांच्या जुन्या कार्यकर्त्यांना ओळखपत्रांची गुंतागुंत तोंडपाठ असते. प्रशिक्षण वर्गात अशा कार्यकर्तीला एक दिवस शिकवायला बोलवावे. अधिकाऱ्याच्या परिपत्रकापेक्षा तिच्याकडून अधिक कळेल.

या परिसरात देवदासी प्रथेने पिडलेली घरे होती. कर्नाटकाने १९८२ मध्ये या प्रथेविरुद्ध कायदा केला. परंतु त्या घरांतील मुलांना अर्जातील वडिलांच्या नावाच्या रकान्याशी अडखळावे लागते. असा अर्ज भरताना केंद्रात इतर लोक बसलेले असू नयेत, प्रश्न मोठ्याने विचारला जाऊ नये, आणि रकाना कसा भरावा हे सेवकाने कार्यालयातून आधीच विचारून ठेवलेले असावे. हे शिष्टाचाराचे बारकावे वाटतील. पण अशाच एखाद्या क्षणी अपमान होऊन मूल उठून जाते आणि पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही.

यानंतर हद्दीचा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून या भागाचा वाद चालू आहे. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, त्यासंबंधीचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्या वादाचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. सोळा वर्षांच्या मुलाला मात्र येत्या जूनमध्ये कोठेतरी नाव घालायचे आहे. त्याच्यापुढे दोन राज्यांचे दोन मार्ग आहेत, आणि प्रत्येकाचे नियम निराळे आहेत. केंद्र-सेवकाने यांपैकी कोणत्याही मार्गाचा प्रचार करू नये. दोन्ही मार्गांचा खर्च आणि कागद त्याने मुलापुढे आणि आईबापांपुढे मांडावेत.

उदाहरणार्थ, निपाणीतील एखादी मुलगी बारावीनंतर अर्जुननगरच्या महाविद्यालयात गेली, तर तिला फार तर काही मिनिटे चालावे लागेल. पण तिने राज्य बदललेले असते. कर्नाटकाच्या मंडळाची बारावी उत्तीर्ण असल्याने तिला स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेची पूर्तता करावी लागेल. अनुसूचित जातीची असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिच्या मूळ राज्याकडून, म्हणजे कर्नाटकाकडून मागायची असते. महाराष्ट्राच्या पोर्टलवर ती रहिवासाच्या अटीत अडकेल. या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. इतर योजनांची तऱ्हा प्रत्येकी वेगळी. काही राज्याबाहेर चालतात, काही चालत नाहीत. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी संबंधित कार्यालयात विचारून, उत्तर लिहून ठेवणे हाच मार्ग. ‘चालतंय की’ या दोन शब्दांवर कित्येकांची शिष्यवृत्ती गेली आहे.

प्रवासाचाही हिशेब असतो. कर्नाटकात जून २०२३ पासून राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसमध्ये स्त्रियांना विनामूल्य प्रवास मिळाला. महाराष्ट्राने त्याच वर्षी मार्चपासून एस. टी. मध्ये स्त्रियांना निम्मे तिकीट केले. कोगनोळीची हद्द ओलांडली की एक सवलत संपते आणि दुसरी सुरू होते. निपाणीहून चिकोडीला शिकायला जाणाऱ्या मुलीचे बसचे पैसे वाचतात, कोल्हापूरला जाणारीचे पूर्ण वाचत नाहीत. पुरुष मंडळींच्या चर्चेत ही बाब येत नाही. पण मुलीला कोठे घालायचे याचा निर्णय घरात पुष्कळदा बसच्या तिकिटावर होतो.

व्यावसायिक शिक्षणाबाबत दोन गोष्टी केंद्र-सेवकाला ठाऊक असल्या पाहिजेत. कर्नाटकाच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्या मुलांसाठी १५ टक्के जागा राखीव असतात. त्यासाठीच्या अभ्यास-दाखल्यावर मुख्याध्यापकांबरोबर गटशिक्षणाधिकाऱ्यांची स्वाक्षरी लागते. मराठी शाळेत शिकलेल्या खेड्यातील मुलालाही हे आरक्षण मिळते. कन्नड माध्यमाचे आरक्षण निराळे आहे. या दोहोंत घोटाळा करून पुष्कळ पालक ‘आपल्याला काही नाही’ असे समजून गप्प बसतात. दुसरी गोष्ट महाराष्ट्राकडील. तेथील अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशात सीमाभागातील उमेदवारांचा स्वतंत्र प्रकार आहे. दहावी-बारावी सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली असावी आणि मातृभाषा मराठी असावी, अशी अट आहे. दोन्हींचे विहित नमुन्यातील दाखले लागतात, आणि महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा दिलेली असावी लागते. परीक्षेचा अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो. बारावीच्या निकालानंतर ही माहिती सांगणे म्हणजे लग्न झाल्यावर मुहूर्त काढण्यासारखे आहे.

भाषेच्या अडचणीकडे आता वळू. मराठी माध्यमातून दहावी झालेले मूल पदवीपूर्व वर्गात, विशेषतः विज्ञान शाखेत, एकदम इंग्रजीत जाऊन पडते. वर्ग इंग्रजीत, कार्यालय कन्नडमध्ये, घर मराठीत. दहावीत विज्ञानात चांगले गुण मिळविलेला मुलगा ‘डेन्सिटी’ हा शब्द ऐकून गोंधळतो. ती घनता आहे हे त्याला कोणी सांगत नाही. प्रवेग आणि ॲक्सिलरेशन, संयुग आणि कंपाउंड, पेशी आणि सेल ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत हे कळले की त्याची निम्मी भीती जाते. दहावीची परीक्षा संपल्यापासून महाविद्यालय सुरू होईपर्यंत जो मोकळा काळ मिळतो, त्यात केंद्रात रोज एक तास असा शब्दवर्ग घेता येतो. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. आदल्या वर्षी त्याच गावातून विज्ञानाला गेलेला मुलगा किंवा मुलगी हे उत्तम शिकविते, कारण कोणत्या शब्दावर आपण अडलो होतो हे तिला आठवते. कन्नड लिपीची अक्षरओळखही याच वर्गात करून द्यावी. कार्यालयाच्या फलकावरील सूचना वाचता येणे हा सोयीचा भाग आहे, निष्ठेचा नव्हे.

अनुत्तीर्ण झालेल्या मुलाचा विचार सहसा कोणी करीत नाही. कर्नाटकात २०२४ मध्ये दहावी आणि बारावीला एकाच वर्षात तीन परीक्षा देण्याची सोय झाली होती. पहिल्या परीक्षेत एखादा विषय गेला तरी त्याच वर्षी पुन्हा बसून पुढच्या वर्गात जाता येते. परंतु पहिला निकाल लागताच मूल घराबाहेर पडेनासे होते आणि दुसऱ्या परीक्षेच्या अर्जाची मुदत टळून जाते. केंद्र-सेवकाने निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेढे देणाऱ्यांच्या घरी गेले नाही तरी चालेल. ज्या घरी पेढे आले नाहीत तेथे त्याने जावे.

घरी जाऊन काय बोलावे, हे शिकविणे सर्वांत अवघड आहे. ‘शिक्षण वाघिणीचे दूध’ वगैरे तेथे उपयोगी पडत नाही. त्या आईला शिक्षणाचे महत्त्व ठाऊक असते. तिला जुलैचा खर्च ठाऊक नसतो. प्रवेश शुल्क किती, त्यातले परत किती मिळते आणि कधी, पुस्तके उसनी मिळतील काय, वसतिगृह मिळाले तर काय आणि न मिळाले तर काय, हे आकड्यांत सांगावे लागते. कर्नाटकात मागासवर्गीय विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘विद्यासिरी’ योजनेतून दरमहा ठरावीक रक्कम दहा महिने मिळू शकते; तेही आधी आपल्याजवळचे घालून नंतर. शिष्यवृत्ती उशिरा येते हे लपवू नये. लपविले आणि पैसे ऑक्टोबरातही आले नाहीत, तर पुढच्या वर्षी त्या गल्लीतले एकही घर सेवकावर विश्वास ठेवणार नाही. मधल्या काळासाठी ग्रामस्थांनी, सहकारी सोसायटीने किंवा गणेशोत्सव मंडळाने वर्गणीतून थोडी रक्कम फिरती ठेवावी. मूल शिष्यवृत्ती आल्यावर ती परत करील. दानापेक्षा ही रीत बरी. घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

सेवकाने मुलाऐवजी निर्णय घेऊ नये, हेही वर्गात बजावून सांगावे लागते. गरीब घरचा म्हणजे त्याने लवकर कमवावे, म्हणून आय. टी. आय.; मुलगी म्हणजे कला शाखा; हे ठोकताळे चांगल्या मनाच्या माणसांच्या तोंडूनही सहज बाहेर पडतात. आय. टी. आय. उत्तम आहे, कला शाखाही उत्तम आहे, परंतु ती निवड मुलाची असावी. त्याचप्रमाणे प्रवेश मिळवून देण्याच्या नावाखाली पैसे उकळणारे दलाल निकालाच्या दिवसांत हिंडत असतात. केंद्रात अर्ज भरण्याचे शुल्क घेतले जात नाही, असा फलक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावावा.

प्रशिक्षण किती दिवसांचे असावे? एकदाच आठ दिवस कोंडून घेऊन शिकविण्यापेक्षा तीन वेळा दोन-दोन दिवस बोलविणे हितावह होय. पहिला वर्ग ऑगस्टमध्ये, कागद आणि नावे यांसाठी. दुसरा जानेवारीत, प्रवेश परीक्षा आणि दोन राज्यांचे नियम यांसाठी; त्या वेळी नाडकचेरीतील, समाजकल्याण खात्यातील आणि महाविद्यालयांच्या कार्यालयातील माणसे समोर बसलेली असावीत, म्हणजे जूनमध्ये सेवकाला त्यांचे चेहरे ओळखीचे असतील. तिसरा एप्रिलच्या अखेरीस, प्रत्यक्ष अर्ज भरण्याच्या सरावासाठी. सेवकांनी आपल्या गावातील पाच-पाच मुलांचे कागद बरोबर आणावेत आणि वर्गातच तपासावेत. नियम दरवर्षी बदलतात. गतवर्षीच्या टिपणावर विसंबून राहणारा सेवक माहिती नसलेल्या सेवकापेक्षा अधिक नुकसान करतो, कारण त्याच्यावर लोकांचा विश्वास असतो.

शिक्षकांनी यात काय करावे, असा प्रश्न येईल. दहावीच्या वर्गशिक्षकाने डिसेंबरमध्ये मुलांची यादी केंद्राला द्यावी, एवढी अपेक्षा पुरेशी आहे. शाळेवर आधीच कामांचा भार आहे. अधिकाऱ्यांनी मात्र या कामाला सेवकाच्या कर्तव्यसूचीत जागा द्यावी आणि त्यासाठी लागणारे तास इतर कामांतून मोकळे करावेत. सध्या जे होते ते एखाद्याच्या हौसेवर होते, आणि त्याची बदली झाली की थांबते.

नोंदवहीत रकाने थोडे असावेत : मुलाचे नाव गुणपत्रकावर आहे तसे, आर. डी. क्रमांक, खाते आधारशी जोडले काय, कोठे अर्ज केला, कोठे नाव लागले. त्यापुढे आणखी एक रकाना असावा, जो बहुतेक नोंदवह्यांत नसतो : नोव्हेंबरमध्ये मूल वर्गात आहे काय. जुलैत नाव लागते, फोटो निघतो, आणि सणासुदीच्या दिवसांत मूल गावी येते ते परत जात नाही. इंग्रजी झेपत नाही, खाणावळीचे पैसे थकले, कोणी जातीवरून बोलले, घरी आजारपण आले, अशी कारणे निघतात. यातली निम्मी त्या आठवड्यात सुटण्यासारखी असतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत केंद्र बंद ठेवू नये. महाविद्यालयात गेलेली गावातील सगळी मुले त्या चार-पाच दिवसांत घरी असतात. संध्याकाळी दिवा लावून बसले की ती आपणहून येतात, आणि दहावीची मुले त्यांच्या मागे येऊन उभी राहतात.